सोनूच्या हाती काम द्या

लाइपझिग, जर्मनी

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर तू म्हणालीस, "पोट्टा दहावीत गेला, पन पान्याचा गिलास बी हातात द्या लागते." तेव्हापासून मनात तेच घोळतंय.

मी सहावीत असताना तू मला परातीपुढे बसवलंस. गरम पाण्यात ज्वारीचं पीठ मळायचं, भाकर थापायची, तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा. कडा फाटायच्या, पण तू परात कधी ओढून घेतली नाहीस. त्याच शिकवणीवर आज परक्या मुलखात माझं निभतंय. मग सोनूला का नाही? मुलगा म्हणून त्याला बसून खायला घालणं हे त्याचं नुकसान आहे, असं मला फार वाटतं.

इथे शेजारचा १४ वर्षांचा मुलगा घरोघरी पेपर टाकतो. इथल्या कायद्याने १३ वर्षांपासून आई-वडिलांच्या संमतीने रोज दोन तासांपर्यंत हलकं काम करता येतं. सायकल पंक्चर झाली तर तोच ट्यूब काढून ठिगळ लावतो. आई खिडकीतून बघते, मध्ये पडत नाही. आपला सोनू कामचुकार नाही. कापूस वेचायला जातोच की. पण सांगितलं तेवढं करायचं आणि ताटावर येऊन बसायचं. पूर्ण त्याच्या भरवशावर सोडलेलं असं एकही काम नाही.

बाबा, यंदा ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइलवरून सातबाऱ्यावर पिकाची नोंद, त्यालाच करू द्या. वावरात उभं राहून कपाशीचा, तुरीचा फोटो त्याने काढायचा, गट नंबर आणि क्षेत्र त्यानेच भरायचं. सातबारा आपोआप वाचता येईल. बँकेत खातंही काढू द्या. १० वर्षांपुढच्या मुलांना स्वतःचं बचत खातं चालवता येतं, रिझर्व्ह बँकेची तशी मुभा आहे. रकमेची मर्यादा बँक सांगेल. दारव्ह्याला एसटीने जाऊ दे. मोटरसायकल मात्र देऊ नका, तिचं लायसन १८ शिवाय मिळत नाही.

दहावीचं वर्ष आहे, मान्य. पण आपलं ताट घासून, कपडे धुऊन कुणाचे मार्क कमी झालेले नाहीत.

रविवारी फोन करीन तेव्हा आधी सोनूला द्या. बँकेत काय विचारलं, कोणते कागद लागले, सगळं त्याच्याच तोंडून ऐकायचं आहे. आजीला नमस्कार.

तुमची,
ताई