साहेब, प्लेटलेट कमी दिसल्या की आधी स्लाइड बघायला लावा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

साहेब नमस्कार, मी लॅब टेक्निशियन, १४ वर्षं सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, करतोय. पावसाळा लागला की डेंग्यू, आणि डेंग्यू म्हटलं की प्लेटलेट (लोक अजून त्यांना पांढऱ्या पेशीच म्हणतात, त्या वेगळ्या, असो), आणि मशीनने आकडा छापला की घरचे पपईच्या पानांचा रस नि किवी शोधत पळतात.

गेल्या ऑगस्टमध्ये एक मुलगी आली. ताप उतरलेला, अंगावर एक ठिपका नाही, हिरड्यातून रक्त नाही, पण हातात दुसरीकडचा रिपोर्ट, प्लेटलेट ३८,०००. वडील म्हणे प्लेटलेटची पिशवी कुठं मिळेल ते सांगा आधी. आमच्या मशीनवर पण ४१,०००च, पण खाली बारीक अक्षरात क्लम्पचा फ्लॅग, म्हणजे पेशी एकमेकींना चिकटल्यात असा मशीनचा इशारा. काचेच्या स्लाइडवर रक्ताचा थेंब पसरून स्मिअर ओढला, स्टेन केला म्हणजे रंगवला, मायक्रोस्कोपखाली पाहिलं, तर स्मिअरच्या शेपटीकडे प्लेटलेटचे नुसते झुपकेच झुपके. मग निळ्या टोपीच्या ट्यूबमध्ये, म्हणजे सायट्रेटमध्ये, परत रक्त घेतलं, १,९०,००० आल्या, त्यात रक्त थोडं पातळ होतं म्हणून १.१ ने गुणायचं, झाल्या २,०९,०००. वडिलांनी मलाच विचारलं, मग त्या पहिल्या रिपोर्टचे पैसे कोण परत देणार?

मशीनचा दोष नाही हो. पेशी बारीक भोकातून जाताना करंट किती अडतो त्यावरून ते बिचारं साइज ठरवतं. काही जणांच्या प्लेटलेट नेहमीच्या जांभळ्या ट्यूबमधल्या ईडीटीएमुळे (रक्त गोठू नये म्हणून घातलेलं रसायन) ट्यूबमध्येच चिकटतात, अंगात नाही, आणि झुपका मोठा असला की मशीन त्याला प्लेटलेट धरतच नाही, कधी तर पांढऱ्या पेशींत घालतं. ट्यूब भरल्यावर हळूच आठ-दहा वेळा उलटीपालटी केली नाही तरी गुठळी होऊन आकडा खाली. आणि उलटंही होतं, लाल पेशी फार बारीक किंवा तुटलेल्या असल्या की त्याच प्लेटलेट म्हणून मोजल्या जातात, म्हणजे खऱ्या कमी असताना रिपोर्ट चांगला, मला याचीच जास्त भीती वाटते.

मागणं एकच. प्लेटलेट एक लाखाच्या खाली आल्या किंवा मशीनने फ्लॅग दिला, तर "स्लाइड पाहिली" हे लिहिल्याशिवाय रिपोर्ट बाहेर जाऊ नये, सरकारी असो की खाजगी. नवीन महागडी मशीन नकोत. ग्रामीण रुग्णालयात निळ्या ट्यूब, स्टेन, चालू मायक्रोस्कोप द्या, आणि माणूस द्या, कारण एकट्यावर दिवसाला दोनशे सॅम्पल पडली की तो फ्लॅग वाचत नाही, प्रिंट दाबतो. मीही दाबलंय.

आपला,
एक लॅब टेक्निशियन