समशेरच्या घोड्याबद्दल

फोंडा, गोवा

प्रिय विनू,

कादंबरीचं बाड मिळालं आणि एका दमात वाचून काढलं. बंदरावरची तुझी राणी मनात घर करून बसली आहे. पण सातव्या प्रकरणात समशेर पठारावरच्या राजधानीतून निघतो आणि एका रात्रीत, एकाच घोड्यावर, घाट उतरून बंदरात पोचतो, तिथे मी अडलो. नकाशात तू हे अंतर शंभर कोस दाखवलं आहेस, म्हणजे सुमारे 300 किलोमीटर.

अरे, घोडा चालीने तासाला सहा-सात किलोमीटर जातो, दुडकीने बारा-पंधरा. भरधाव सुटला तर चाळिसाच्या पुढे जातो, पण तीनेक किलोमीटरांत त्याला धाप लागते. रोज चालवायचा असेल तर 40-50 किलोमीटरांची मजल खूप झाली. कॅलिफोर्नियात 1955 पासून टेव्हिस कप नावाची शर्यत होते, डोंगरांतून 160 किलोमीटर, 24 तासांत. त्यासाठीच तयार केलेले घोडे, वाटेत ठिकठिकाणी पशुवैद्य, तरीही बऱ्याच घोड्यांना मधेच थांबवावं लागतं. समशेर जवळजवळ त्याच्या दुप्पट जातो, आणि तेही श्रावणात!

श्रावण मला जास्त खटकला. पावसातला अनमोड घाट तू पाहिला आहेस. तो तांबडा चिखल, शेवाळलेला जांभा, रस्त्यावर धावून येणारे ओहोळ. तिथे रात्री घोडा कोण घालेल? मराठ्यांचं घोडदळसुद्धा पावसाळ्यात छावणी करून राहायचं आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करायचं.

आणि तुझे घोडे खातात कधी? घोड्याचं पोट लहान, त्याला थोडं थोडं, तासन् तास खावं लागतं. दिवसाला दहा किलोच्या आसपास चारा-चंदी, वर तीस-चाळीस लिटर पाणी. पुस्तकभर कुणी तोबरा बांधत नाही, खरारा करत नाही, खोगिराखाली कुणाची पाठ सोलवटत नाही. मला त्या मुक्या जनावराचं वाईट वाटलं.

एका रात्रीचा हट्टच असेल तर डाकेची ठाणी बसव. अमेरिकेत 1860 मध्ये पोनी एक्सप्रेस सुरू झाली, तिची डाक सुमारे 3,000 किलोमीटर दहा दिवसांत जायची. म्हणजे दिवसाला तुझे शंभर कोस! पण दर पंधरा-वीस किलोमीटरवर ताजा घोडा असायचा, आणि स्वारही पुढे बदलायचा. त्या हिशेबाने एका दिवस-रात्रीत खलिता पोचेल, समशेर नाही. मग पंधरा-वीस ठाण्यांपैकी एखाद्यावर फितुरी झाली तर? ते प्रकरण मला वाचायला आवडेल.

आपल्या गोव्याचंच बघ ना. अरबस्तान-इराणचे घोडे गलबतांतून इथे उतरायचे आणि घाट चढून विजयनगरच्या राजांकडे जायचे. 1510 नंतर तो व्यापार पोर्तुगीजांनी हाती घेतला. त्यांची राजधानी हंपीही इथून साधारण तुझ्या शंभर कोसांवरच आहे. तुझ्या राज्यातही घोडे समुद्रापारहून येतात, मग एवढं मोलाचं जनावर समशेर एका रात्रीत मारून टाकेल?

माझं ऐक, त्याला आठ दिवस दे. घाटमाथ्यावर घोडा लंगडू दे. तो त्याला तिथे सोडतो की लगाम धरून पायी उतरतो, यावरून समशेर कसा माणूस आहे ते कळेल, आणि तिकडे राणीला आठ दिवस बातमीशिवाय निर्णय घ्यावे लागतील. नवं प्रकरण झालं की लगेच पाठव.

तुझा,
दत्ता