लाल पानं दारातही असतात

संपादक महोदय,

दिवाळीच्या सुटीत चिनार बघायला काश्मीर गाठणाऱ्यांनी दारातला देशी बदामही निरखावा. जानेवारी-फेब्रुवारीत त्याची वीतभर पानं शेंदरी, मग गडद लाल होऊन गळतात. हरितद्रव्य ओसरताना पानात लाल रंगद्रव्य तयार होतं, त्याचा हा रंग. कुसुंब या झाडाचं उलट. मार्चमध्ये सह्याद्रीच्या उतारांवर तो पेटल्यासारखा दिसतो ती कोवळी पालवी असते. पळस फुललाय समजून पुष्कळ जण पुढे जातात, आणि काही आठवड्यांत झाड हिरवंगार!

भर दुपारी मात्र जाऊ नये, रंग फिका वाटतो. सकाळी नऊच्या आत, सूर्य झाडामागे येईल असं उभं राहून खालून बघावं. बदामाच्या पानाच्या शिरा तेवढ्या फिकट, मधला भाग माणकासारखा.

सोसायट्यांनी पाचोळा पेटवू नये. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून आळ्यात चार बोटं जाड पसरावा. खोडाला टेकवला की साल कुजते. बदामाची जाड पानं आधी चुरून घ्यावीत, नाहीतर एकमेकांना चिकटून पाणी खाली जिरत नाही.

– एक वाचक, पुणे