दोन्ही बाजूंची छपाई का रखडते?

महोदय,

ग्रामसभा जवळ आली की कचेऱ्यांतून एकच तक्रार ऐकू येते: झेरॉक्स मशीन एका बाजूने भराभर छापते, दोन्ही बाजू म्हटल्या की रांगते. बहुतेक वेळा मशीन धडधाकट असते. बिघडलेले असते ते ट्रेचे सेटिंग, नाहीतर कागद.

चांगली मशीन एकेक कागद उलटत बसत नाही. आधी दुसरे पान छापते, तो कागद आतून वळून येईतो चौथे, मग परतलेल्या कागदावर पहिले. पुढे सहावे, तिसरे, आठवे, पाचवे. ड्रम (कागदावर मजकूर उमटवणारा दंडगोल) रिकामा राहत नाही, म्हणून वेग एकबाजू छपाईच्या जवळपास टिकतो. मध्येच ए-३ नकाशा आला की ही साखळी तुटते. त्याहून नेहमीचे कारण म्हणजे दाखल्यांसाठी ट्रेला ‘जाड कागद’ लावलेला असतो आणि परत ‘साधा’ करायचे राहून जाते. जाड कागदावर टोनर (छपाईची पूड) पक्का बसायला उष्णता जास्त लागते, म्हणून मशीन तो मुद्दाम सावकाश ओढते. ७५ जीएसएमच्या (चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाच्या) साध्या कागदाला त्याची गरज नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात तर उघडी रिम दमट होतेच. पहिल्या फेरीत फ्युझर (टोनर वितळवून कागदाला चिकटवणारा तापलेला भाग) ओल काढतो, कागदाच्या कडा वळतात आणि वळणावर तो अडकतो. रिम वेष्टनातच ठेवावी, ट्रेत दिवसाला लागेल तेवढाच कागद भरावा. काही मशिनींच्या ट्रेखाली हीटर असतो. रात्री भिंतीवरचा स्विच बंद केला की तोही बंद! कागद तरीही वळत असेल तर गठ्ठा पालथा घालून पाहावा. रोलरवर साचलेली कागदाची धूळ किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसावी, अर्थात मशीन बंद करून.

कॉपी काढताना खोळंबा अनेकदा वरच्या फीडरमध्ये, म्हणजे मूळ कागद आत ओढणाऱ्या भागात असतो. साधा फीडर मूळ कागद उलटून दुसरी बाजू वाचतो आणि क्रम राखायला पुन्हा उलटतो. दोन्ही बाजू एकाच फेरीत वाचणाऱ्या फीडरला हे करावे लागत नाही.

निविदेत मात्र ‘मिनिटाला इतकी पाने’ एवढेच लिहिले जाते आणि तो आकडा सहसा एकबाजू छपाईचा असतो. दोन्ही बाजूंचा वेग वेगळा, लेखी मागावा. छपाईसाठी आयएसओ/आयईसी २४७३४ आणि कॉपीसाठी २४७३५ ही मोजणीची मानके आहेतच. शिवाय आपल्याच कचेरीतली २० पानी फाइल विक्रेत्यासमोर छापून घ्यावी, हातात घड्याळ धरून.

– एक वाचक, फोंडा