बाळ्याला, चहावरून

लातूर, रविवार रात्र

बाळ्या,

आठ महिने झाले, पत्र नाही की फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढचं वाच. तब्येत ठीक, गुडघा तसाच.

अप्पांचं दूध बंद केलंय. पोटाचं जुनंच. बाकी सगळं सोसतात, पण चार वाजता कोरा चहा पुढे आला की उठतात आणि मोगऱ्याच्या कुंडीत ओततात. मोगऱ्याची झोप उडाली असणार. माई गेल्यापासून त्या चहापुरतंच काय ते दोन शब्द बोलायचे. आता तेही नाही. मला घोर त्याचा.

चूक माझीच. आपली नेहमीची दाणेदार पूड आणि खळाखळा उकळायची सवय. त्या बारीक दाण्यातून तुरटपणा झटक्यात उतरतो. एरवी दूध तो पोटात घालतं, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. मग दार्जिलिंगची अख्खी पानं आणली, १०० ग्रॅम. किंमत विचारू नकोस. तीही उकळली. हसू नकोस. नुसता काढा झाला.

तेव्हा तू आठवलास. कॉइलवर पाणी, मगवर साबणाच्या डबीचं झाकण, नजर घड्याळावर. ‘चहा उकळायचा नसतो रे, मुरवायचा असतो.’ मी म्हणायचो, जा, खाली अमृततुल्यवाल्याला शिकव. मग तू चिडून आयएसओ ३१०३, ते चहा करायचं आंतरराष्ट्रीय मानक, काढायचास: १०० मिलिलिटरला २ ग्रॅम, ६ मिनिटं. अरे, ते चव तपासणाऱ्यांसाठी, पिणाऱ्यांसाठी नव्हे! म्हणजे त्या भांडणात मी अगदीच गाढव नव्हतो.

आमचा हिशेब २०० मिलिलिटरला २ ग्रॅम. मोठी पानं चमच्यात मावत नाहीत, म्हणून गल्लीतल्या सोनाराकडे काट्यावर तोलून आणली. त्याने आधी पुडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तरी रंग गढूळ आणि वर तवंग. दोन दिवस पानांवरच संशय घेतला. निघालं आपलं बोअरचं पाणी. त्यातल्या क्षाराने तो तवंग धरतो. लिंबू पिळलं की जातो, पण अप्पांना लिंबू चालत नाही. मग जारचं पाणी आणलं. कप आधी गरम पाण्याने विसळला, आधण आलं तसं पानांवर ओतलं, झाकण, ४ मिनिटं. गाळताना चमच्याने चोथा दाबायला हात शिवशिवत होता, आवरला. दाबलं की कडवटपणा उतरतो ना.

शुक्रवारी अप्पांनी घोट घेतला. थांबले. अजून एक घेतला. म्हणाले, ‘बाळ्या आलाय का?’

हॉस्टेलवर एकदाच आले होते ते. तुझा चहा प्यायले, वर काही बोललेसुद्धा नव्हते. मला वाटलं होतं, आवडला नसेल.

चिनूचा निकाल काय लागला? वहिनींची बदली झाली म्हणे, आनंद आहे. त्या पैशांचं मी विसरलोय, तूही विसर.

आणि माझं ते बारीक जाळीचं गाळणं तू नेलंयस. नाही म्हणू नकोस, तुझ्या ट्रंकेत मी बघितलं होतं. येशील तेव्हा घेऊन ये. चारच्या आत ये.

तुझा,
विन्या