धीर आधी येत नाही, करता करता येतो

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत आत्मविश्वासावर आलेला लेख वाचला. रोज सकाळी आरशासमोर उभं राहून ‘मला जमणारच’ असं स्वतःला बजावा, मनातली शंका पार हाकलून द्या आणि मग ध्येयाच्या मागे लागा, असं त्यात सांगितलं होतं. लेखिकेची कळकळ खरी आहे. पण तिने दिलेला क्रम उलटा आहे, आणि या उलट्या क्रमापायी चांगली धडधाकट, हुशार माणसं वर्षानुवर्षं काठावर बसून राहतात. हे मी रोज डोळ्यांनी बघते, म्हणून हे पत्र.

मी मोठ्या माणसांना पोहायला शिकवते. लहान मुलांना नाही, तर तिशी, चाळिशी, कधी साठीही ओलांडलेल्यांना. मुलं पाण्यात उतरतात आणि मग घाबरायचं की नाही ते ठरवतात. मोठी माणसं निकाल सोबत घेऊनच येतात. ‘माझ्या अंगातच ते नाही.’ ‘आता या वयात काय जमणार?’ आणि सगळ्यांत जास्त नुकसान करणारं वाक्य म्हणजे, ‘आधी माझी भीती जाऊ दे, मग मी शिकायला येते.’ असं म्हणून परत गेलेली माणसं काही वर्षांनी पुन्हा येतात, तेव्हा भीती होती तेवढीच असते, किंबहुना थोडी वाढलेली. काठावर बसून ती जाणार तरी कशी?

पहिल्या दिवशी मी कुणालाही धीट व्हायला सांगत नाही. कठडा धरा, तोंड पाण्यात घाला आणि फुंकर मारून बुडबुडे काढा, एवढंच. घाबरलेला माणूस पाण्यात श्वास रोखून धरतो. श्वास रोखला की शरीरात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि छाती फुटेल असं वाटायला लागतं. त्याला वाटतं, पाणी आपला जीव घेतंय. प्रत्यक्षात आतली हवा सोडायची राहिलेली असते. बुडबुडे काढायला लागला की ती घुसमट कमी होते, आणि ‘मला पाण्यात श्वासच घेता येत नाही’ या त्याच्या जुन्या समजुतीला पहिला तडा जातो. मी त्याला काहीही पटवून दिलेलं नसतं.

दुसरी पायरी तरंगण्याची. छातीत हवा भरलेली असताना बहुतेक माणसांचं शरीर गोड्या पाण्यापेक्षा किंचित हलकं असतं. म्हणजे नुसतं पडून राहिलं तरी पाणी धरून ठेवतं. पण भ्यालेला माणूस मान ताठ करून डोकं वर काढतो. डोकं वर गेलं की कंबर आणि पाय खाली जातात. मग तो म्हणतो, ‘बघा, मी बुडतोच!’ इथे मी मुद्दाम थांबते आणि त्याला समजावते, कारण आत्मशंकेचं सगळं कामकाज या एका गोष्टीत दिसतं. बुडण्याच्या भीतीने त्याने जे केलं, त्यानेच तो बुडायला लागला, आणि वर भीतीला पुरावाही मिळाला. नापास होऊ या धास्तीने पुस्तक उघडायचं टाळणाऱ्या विद्यार्थ्याचं असंच होतं. आपलं बोलणं फिकं पडेल या भीतीने बैठकीत शेवटपर्यंत गप्प बसणाऱ्या कर्मचाऱ्याचंही तेच. एकाचे गुण कमी येतात, दुसऱ्याचं कुणाला नाव आठवत नाही, आणि दोघंही म्हणतात, मला आधीच माहीत होतं.

माझा हात सुरुवातीला विद्यार्थ्याच्या पाठीखाली असतो. आधी पूर्ण तळवा, मग दोन बोटं, मग काहीच नाही. काही शिक्षक हात गुपचूप काढून घेतात आणि मग ‘बघ, तू मघापासून एकटाच तरंगतोयस’ असं सांगतात. मला ते अजिबात मान्य नाही. एकतर विश्वास तुटतो. शिवाय माणूस ते श्रेय नशिबाला नाहीतर माझ्या हाताला देऊन मोकळा होतो. मी आधी सांगते, ‘आता हात काढतेय.’ मग तो जे काही क्षण तरंगतो, ते त्याने जाणूनबुजून तरंगलेले असतात. ते क्षण त्याच्या नावावर जमा होतात.

हे नुसते माझ्या तलावावरचे आडाखे नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांनी सापांची जबर भीती असलेल्या माणसांवर प्रयोग केले. 1969 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काहींना सापांना हाताळणाऱ्यांची फिल्म दाखवली, काहींना मन शांत ठेवून सापाची कल्पना करायला शिकवलं, आणि काहींना शिक्षकाच्या सोबतीने, पायरीपायरीने, खऱ्या सापाजवळ नेलं. सर्वांत जास्त फरक या तिसऱ्या गटात पडला. पुढे 1977 मध्ये बँड्युरांनी ‘हे काम मला जमेल’ ही खात्री माणसात कुठून येते, याचे चार उगम मांडले. स्वतः केलेलं आणि जमलेलं काम, आपल्यासारख्या दुसऱ्याला ते करताना बघणं, इतरांनी दिलेला धीर, आणि शरीराच्या खुणांचा आपण लावलेला अर्थ. यात सगळ्यांत बळकट उगम पहिला, स्वतः केलेल्या कामाचा. शब्दांनी दिलेला धीर त्यापुढे बराच दुबळा. आणि आपण सगळा भर टाकतो तो नेमका शब्दांवर.

आरशासमोरच्या वाक्यांबद्दल मला काळजी वाटते, ती वेगळ्या कारणाने. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ अशा अर्थाचं वाक्य त्यांनी लोकांना स्वतःशी पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. ज्यांचं स्वतःबद्दलचं मत आधीच चांगलं होतं त्यांना किंचित बरं वाटलं. ज्यांचं वाईट होतं, म्हणजे ज्यांच्यासाठी हा उपाय सुचवला जातो, त्यांना उलट जास्तच वाईट वाटलं. मला याचं नवल वाटलं नाही. ‘मी उत्तम पोहतो’ असं म्हणत खोल बाजूला निघालेल्या माणसाला त्याचं स्वतःचंच मन आतून विचारतं, कधी पोहलास? या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नसतं. ‘काल मी कठडा सोडून उभा राहिलो’ हे वाक्य दिसायला किती लहान! पण ते खरं असल्यामुळे मन त्याच्याशी भांडत बसत नाही.

माझ्याकडे एक तरुण आला होता. त्याला व्यापारी जहाजावर नोकरी करायची होती. लेखी परीक्षांची त्याला भीती नव्हती, पण जहाजावर जाण्याआधी जीव वाचवण्याचं प्रशिक्षण पुरं करावं लागतं. त्यात जीवरक्षक जाकीट घालून उंचावरून पाण्यात उडी मारायची असते, उलटा पडलेला तराफा सरळ करायचा असतो. याच एका कारणासाठी तो अर्ज करायचं पुढे ढकलत होता. घरच्यांना तो दुसरी कारणं सांगत होता.

त्याला मी उडी मारायला सांगितली नाही. आधी काठावर बसून नुसतं घसरायचं. मग उभं राहून, छातीइतक्या पाण्यात. मग खोल पाण्यात, पण मी खाली पाण्यात आहे हे बघून. शेवटी जाकीट घालून फळीवरून. एका हाताने नाक-तोंड झाकायचं, दुसऱ्या हाताने जाकीट घट्ट धरायचं, नजर खाली न नेता समोर ठेवायची आणि पाऊल पुढे टाकायचं. फळीवर उभा असताना तो थरथरत होता. म्हणाला, ‘मॅडम, छाती इतकी धडधडतेय, म्हणजे मी अजून तयार नाही.’ मी म्हटलं, ‘उडी मारायला निघालेल्या शरीरात हे होणारच. ही तयारीच आहे.’ ॲलिसन वूड ब्रुक्स यांचं 2014 साली प्रसिद्ध झालेलं संशोधन हेच सांगतं. गाणं किंवा भाषण करण्याआधी ज्यांनी स्वतःला ‘मी शांत आहे’ असं न सांगता ‘मला उत्साह वाटतोय’ असं सांगितलं, त्यांची कामगिरी जास्त चांगली झाली. धडधड थांबवणं आपल्या हातात नसतं, पण तिचा अर्थ लावणं थोडंफार असतं. त्याने उडी मारली. वर आला तेव्हा खोकत होता, पण लगेच शिडीकडे गेला आणि मला न विचारता पुन्हा फळीवर चढला. अर्ज त्याने त्यानंतर भरला.

आता एक खुलासा करायला हवा. शंका नेहमी खोटीच असते असं मी म्हणत नाही. ज्याला अजून बाजूला मान वळवून श्वास घेता येत नाही, त्याला खोल बाजूबद्दल शंका वाटत असेल तर ती बरोबर आहे, आणि मी त्याला तिकडे जाऊ देणार नाही. माझ्या मते शंका दोन तऱ्हेच्या असतात. एक नेमकं बोट ठेवते: माझा श्वास कमी पडतो, माझं इंग्रजी कच्चं आहे, मला हिशेबातली अमुक गोष्ट समजत नाही. ही शंका कामाची आहे. उद्या काय शिकायचं ते ती सांगते. दुसरी सगळ्या माणसालाच मोडीत काढते: मी असाच, माझ्याच्याने काही होणार नाही. या दुसरीशी वाद घालत बसू नये. तिला फक्त विचारावं, ‘नेमकं काय होणार नाही?’ उत्तर येईपर्यंत सोडू नये. विद्यार्थ्यांना मी हे विचारते तेव्हा सुरुवातीला ते चिडतात. मग हळूच म्हणतात, ‘कानात पाणी गेलं की मी गडबडतो.’ ठीक आहे, मग आज कानाचं बघू.

शंका कायमची जाईल अशी वाटही पाहू नये. पॉलीन क्लान्स आणि सुझान आयम्स यांनी 1978 मध्ये अशा स्त्रियांबद्दल लिहिलं, ज्यांच्याकडे पदव्या होत्या, मान होता, आणि तरी आपलं बिंग कधीतरी फुटेल असं त्यांना आतून वाटत होतं. कॉर्नेल विद्यापीठातल्या डनिंग आणि क्रूगर यांच्या 1999 सालच्या अभ्यासातला कच्च्या लोकांचा फाजील विश्वास सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याच अभ्यासात सर्वांत वरच्या गटातल्यांनी स्वतःचा क्रमांक प्रत्यक्षापेक्षा खाली धरला होता, हे फारसं कुणी सांगत नाही. माझ्याकडच्या पन्नाशीतल्या एक बाई आता तलावाची लांबी न थांबता पार करतात आणि दर वेळी म्हणतात, ‘आज जमलं, उद्याचं माहीत नाही.’ तरी दुसऱ्या दिवशी हजर असतात. मला तेवढं पुरतं.

काठावर उभ्या असलेल्या नातेवाइकांनाही एक विनंती आहे. ‘अगं सोप्पं आहे, घाबरतेस काय!’ असं ओरडू नका. सोपं आहे आणि तरी मला जमत नाही, याचा अर्थ ती काय काढेल याचा विचार करा. ‘कालच्यापेक्षा आज तुझी मान सैल होती’ हे सांगा. त्यासाठी मोबाइल खिशात ठेवून नीट बघावं लागतं. नेमकं कौतुक करायचं तर दुसरा मार्ग नाही.

संपादक महाशय, शेवटी मागणी आपल्याकडे. आपण यशोगाथा छापता, त्या मी आवडीने वाचते. पण बहुतेकांत पहिल्या परिच्छेदात हलाखी असते आणि तिसऱ्या परिच्छेदात सत्कार. मधली सगळी वर्षं ‘जिद्दीच्या जोरावर’ या दोन शब्दांत संपतात. डेल शंक आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये गणितात मागे पडलेल्या मुलांवर केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की पहिल्यापासून सफाईने गणित सोडवणारा मुलगा बघण्यापेक्षा, आधी अडखळून मग सुधारत गेलेला मुलगा बघितलेल्यांचा स्वतःवरचा विश्वास जास्त वाढला. तेव्हा आपल्या वार्ताहरांनी मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारावा: मधल्या काळात नेमकं काय जमत नव्हतं, आणि त्यासाठी तुम्ही रोज काय केलंत? उत्तर रटाळ वाटलं तरी कापू नये. आणि शिखरावर पोचलेल्यांसोबत जे अजून अर्ध्या वाटेवर आहेत त्यांनाही जागा द्यावी. माझ्याकडे शिकणाऱ्या काही जणांनी स्वतःच्या शिकण्याबद्दल लिहायची तयारी दाखवली आहे. त्यांच्यापैकी कुणीही अजून तरबेज झालेलं नाही. आपण छापणार असाल तर कळवावं, मजकूर पाठवायची व्यवस्था मी करते.

कळावे,
आपली नियमित वाचक,
एक जलतरण शिक्षिका