वड्याचं तेल, पण कुठल्या वांग्यावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राजकीय बातम्यांत 'वड्याचं तेल वांग्यावर काढलं' असं वरचेवर छापून येतं. वडा कशाचा, तेल कितव्या घाण्याचं, वांगं कच्चं की भाजलेलं, याची चौकशी कोणीच करत नाही. आम्ही भरीत करणारी माणसं. आम्हाला हे खटकतं.

कच्च्या वांग्यापुरतं म्हणणं बरोबर आहे. त्याच्या गरात हवेच्या बारीक पोकळ्या असतात. फोडी तेलात पडल्या की हवा बाहेर आणि तेल आत. कढई कोरडी दिसते म्हणून आपण आणखी ओततो. मग फोडी शिजून बसल्या की तेच तेल ताटभर सुटतं. आधी मीठ लावून वीस मिनिटं ठेवल्या तर पितात कमी.

भरताचं वांगं मात्र या तावडीत सापडत नाही. जळगावच्या हिरव्या, पांढऱ्या रेघांच्या भरताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यातही बामणोद गावच्या वांग्याचं नाव मोठं. आकाराच्या मानाने हाताला हलकं लागेल ते घ्यावं, बी कमी निघतं. टोचे मारावेत, नाहीतर वाफ कोंडून जाळातच फुटतं. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर फिरवत, देठाजवळचा भाग मऊ होईतो भाजावं. साल काढताना नळाखाली धरू नये. धुराचा वास पाण्याबरोबर जातो. एवढं भाजल्यावर पोकळ्या पार बसतात. मग कोणाचंही तेल काढा, ते आत न शिरता वर तरंगतं.

किलोभर वांग्याला अर्धी-पाऊण वाटी तेल, शंभर ग्रॅम हिरव्या मिरच्या, लसणाचा एक मोठा गड्डा, मूठभर शेंगदाणे आणि कांद्याची पात. मिरच्या तेलात परतून लसणासोबत ठेचाव्यात, गर लाकडी भांड्यात घोटावा, वरून दाणे-लसणाची फोडणी.

घात होतो तो या फोडणीत. वडे बेसनाचे असले की त्यांच्या तेलात तळाला पिठाचे कण काळे पडून बसलेले असतात. तेल पुन्हा तापलं की ते जळतात, भरीत कडू होतं आणि खाणारा म्हणतो, 'वांगंच कडू निघालं!' म्हण खरी ठरते ती इथे.

तेव्हा तळण झालं की तेल कोमट असतानाच फडक्यातून गाळावं. फेस धरू लागलं किंवा मंद आचेवरच धुरायला लागलं तर टाकून द्यावं. तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्यावर त्यात साचत जाणारे खराब घटक, २५ टक्क्यांवर गेले की ते वापरायचं नाही, असा १ जुलै २०१८ पासून नियमच आहे. वडेवाल्यांसाठी आहे, पुढाऱ्यांना लागू नाही.

कृपया यापुढे बातमीत वांगं भाजलेलं होतं की कच्चं, तेवढं छापावं.

– भरीत करणारे काही आचारी, जळगाव